गॉगलमागचे डोळे

डोळ्यांवर गॉगल चढवून, विमानावरच्या कॅमेऱ्यातून पाहत मॉडेल उडवणाऱ्यांना स्वतःची राष्ट्रीय संघटना हवी का? ब्रिटनमध्ये मॉडेल विमानवाल्यांची जुनी, मोठी संघटना १९२२ पासून आहे. तरीही या मंडळींनी ‘एफपीव्ही यूके’ नावाची वेगळी चूल मांडली. वरवर हा हट्ट वाटेल. पण जोखीमच वेगळी आहे. दोन्ही डोळ्यांनी आपल्याला आडवे साधारण १८० अंश दिसते. गॉगलमध्ये त्याचा लहानसा तुकडा उरतो. बाजूने आलेले हेलिकॉप्टर किंवा मैदानात धावत शिरलेले मूल दिसतच नाही. म्हणून नुसत्या डोळ्यांनी विमानावर नजर ठेवणारा जोडीदार शेजारी लागतो.

हा जोडीदार कसा असावा, त्याने कधी ओरडावे, अपघात झाला तर विमा कोणाचा, हे ठरवणारी संघटना जरूर हवी. नुसती पाटी आणि पदाधिकारी हवे असतील, तर जुन्या संघटनेतली एक शाखा पुरे. तिथल्या विमान प्राधिकरणाने ‘एफपीव्ही यूके’लाही सदस्यांच्या उड्डाणांसाठी परवानगी दिली, ती नियमावलीची जबाबदारी सोपवूनच.

आपल्याकडे २०२१च्या ड्रोन नियमांत शिक्षण, संशोधन वा करमणुकीसाठीच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलांना प्रकार-प्रमाणपत्रातून सूट आहे. अट एकच कळीची : उड्डाण नजरेच्या टप्प्यात हवे. गॉगलवाल्याच्या बाबतीत ही नजर कोणाची धरायची? एकेकट्या छंदिष्टाने असे विचारले, तर दिल्लीत कितीसे ऐकले जाईल?