सातबारावर कारभारणीचे नाव



आपल्या आटपाडी-खानापूर भागातला माणूस गलाईच्या धंद्यापायी कुठे कुठे पोचलाय, हे तुम्हाला सांगायला नको. सोने-चांदी गाळायची भट्टी केरळात नाहीतर तामिळनाडूत आणि डाळिंबाची बाग इकडे बायकोच्या जिवावर. बहार कधी धरायचा, फवारणी कधी घ्यायची, मजूर किती लावायचे, सगळे तीच ठरवते. सातबारा मात्र मालकाच्या नावावर, कित्येक घरांत तर अजून सासऱ्याच्याच.

१५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्या दिवसांत एक भगिनी ठिबकच्या अर्जासाठी आली. खातेदार नवरा, आधारला जोडलेला मोबाईल त्याच्याजवळ, ओटीपी गेला कोइमतूरला! त्याने भट्टीपुढून उठून फोन घेईस्तोवर वेळ संपली. असे तीनदा झाले. आठ वर्षे बाग पिकवणारी बाई, पण कागदावर तिचा ठिपकासुद्धा नाही. २०१५-१६च्या कृषी गणनेत देशातले शंभरातले चौदाच वहितीदार महिला निघाले, ते उगीच नव्हे.

यावर तोड जुनीच आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९०च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. नवऱ्यांनी आपखुशीने बायकांच्या नावे जमीन करावी, अशी ती मोहीम होती. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी ते करून दाखवले. पुढे १९९२ साली शासनाने परिपत्रक काढले. नवऱ्याने स्वतः अर्ज दिला तर त्याच्या हिश्श्याच्या जमिनीत बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लागते. तीस वर्षांवर झाली, पण चावडीत हा अर्ज किती आले, ते आपल्या तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) विचारून बघा.

नावाने काय होते, असे पारावर विचारतात. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी विवाहित बायकांची पाहणी केली. ती २००५ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या नावे काहीच नव्हते, त्यांच्यातल्या शंभरात ४९ जणींना नवऱ्याचा मार बसला होता. घर आणि जमीन दोन्ही नावावर असलेल्यांत हा आकडा ७ होता. केरळ वेगळे, माणदेश वेगळा, हे खरे. पण नाव लागले की जमीन परस्पर विकता येत नाही, एवढे तरी इथेही लागू आहे.

आता लेकींचे. टेंभूचे पाणी येण्याआधी कुसळाच्या माळाला कोणी विचारत नव्हते. पाणी आले, भाव आला आणि बहिणींना हक्कसोडीसाठी गाडी पाठवून आणायचे सुरू झाले. साडी-चोळी देऊन सही घ्यायची. बंधूंनो, ही सही मागण्याआधी कायदा पाहा. महाराष्ट्राने १९९४ सालीच लेकीला वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या वगळल्या. २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. २००५ला बाप हयात नसला तरी लेकीचा हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. तिने सोडायचे तर समजून-उमजून सोडावे. माहेर तुटेल या भीतीने नव्हे.

एक खोटही सांगतो. काही जण अनुदानापुरते बायकोचे नाव पुढे करतात, पैसे खात्यावर आले की पासबुक आणि एटीएम कार्ड आपल्या खिशात. असल्या नावाला अर्थ नाही.

ज्यांना करायचे आहे त्यांनी आपला सातबारा, खातेउतारा, दोघांची आधार कार्डे आणि लग्नाचा पुरावा घेऊन चावडीत अर्ज द्यावा आणि पोच मागून घ्यावी. जमीन सामाईक असेल तर आधी वाटप उरकावे. फेरफार मंडल अधिकाऱ्यांनी मंजूर केल्यावर नवा उतारा काढून दोन्ही नावे नीट तपासा आणि मग लगेच कारभारणीचा स्वतंत्र ओळख क्रमांक काढा. मोबाईल नंबर तिचाच द्या.