दोन मिनिटांत बदलणारं गाव

समाजसेवी संस्थांचे ते कार्टूनवाले व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर महिन्याला एखादा तरी येतोच. सुरुवातीला करड्या रंगाचं गाव. भेगाळलेली जमीन, वाळलेलं झाड, डोक्यावर हंडा घेतलेली एक मुलगी. मुलीला नाक नसतं, डोळे म्हणजे दोन ठिपके. मग "पण एक दिवस..." असा गोड आवाज येतो, मागे काहीतरी टुणटुण वाजायला लागतं आणि कोपऱ्यातून संस्थेचं बोधचिन्ह सूर्यासारखं उगवतं. त्यातून बाण निघतात. बाण जिथे लागेल तिथे रंग! झाड हिरवं, हंडा गायब, मुलीच्या पाठीवर दप्तर. शेवटी एक आकडा शून्यापासून भराभर पळत जातो आणि थांबतो. अमुक लाख आयुष्यं बदलली. दोन मिनिटं संपली, गाव बदललं.

त्याखाली सगळ्यांचे जोडलेले हात आणि "डोळ्यात पाणी आलं". मी काही बोलले की आत्या म्हणते, "तुला कशात म्हणून चांगलं दिसत नाही का गं?" तर आत्या, ग्रुपवर मावत नाही म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. बाकीच्यांनीही वाचा आणि भांडायचं तर जरूर भांडा.

माझं म्हणणं थोडक्यात असं : हे व्हिडिओ कामाचा परिणाम दाखवतच नाहीत. परिणाम झाला तर कसा दिसेल, याचं चित्र काढून दाखवतात. आणि पाहणाऱ्याला हा फरक कळू नये, अशीच त्यांची ठेवण असते. चांगल्या संस्थांनी हा प्रकार बंद करावा आणि पैसे देणाऱ्यांनी तो मागणं बंद करावं.

आधीच सांगते, ॲनिमेशनशी माझं वैर नाही. आमची पिढी 'एक अनेक और एकता' बघत वाढली. फिल्म्स डिव्हिजनने १९७४ साली केलेली ती फिल्म, विजया मुळे यांची, भीमसेन यांच्या ॲनिमेशनसह. दूरदर्शनवर कितीदा लागली असेल, आणि तरी कंटाळा म्हणून आला नाही. नंतर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला युनिसेफची 'मीना' आली, आपले राम मोहन तिचे जनक. शाळेत जाता येत नाही म्हणून मीना मिठू पोपटाला शाळेत पाठवते, त्याच्याकडून आकडे शिकते, त्या आकड्यांनी कोंबड्या मोजते आणि त्यामुळे चोरी पकडली जाते. काय सुरेख कल्पना आहे! मीना कशी दिसावी, तिचे कपडे कसे असावेत, हे ठरवताना वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना कच्ची चित्रं दाखवून विचारलं होतं. चाइल्डलाइनची 'कोमल' आठवा. लहान मुलांशी लैंगिक अत्याचाराबद्दल बोलायचं कसं, हा भल्याभल्यांना घाम फोडणारा प्रश्न त्या छोट्या फिल्मने सोडवला. तिला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

पण या तिन्ही फिल्म कुणासाठी होत्या? ज्यांच्या आयुष्याबद्दल त्या बोलतात त्यांच्यासाठीच. मीना बघणारी मुलगी उठून बापाला विचारू शकत होती, राजूला मोठा आंबा का? 'आम्ही इतक्या मुलींचं भलं केलं' असा दावा त्या फिल्म करत नव्हत्या. मी ज्यांच्याबद्दल बोलते आहे ते व्हिडिओ त्या गावात कधी दाखवलेच जात नाहीत. ते मुंबई-पुण्यातल्या कंपनीच्या बैठकीत दाखवले जातात. शिकवण्यासाठी काढलेलं चित्र आणि हिशेब म्हणून पुढे केलेलं चित्र, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत मंडळी.

आता तो बाण घेऊ. सगळी गंमत त्या बाणात आहे. "आधी हे होतं, मग आम्ही आलो, मग ते झालं." यातल्या 'मग'चा 'म्हणून' कधी होतो ते कळतही नाही. फोटो निदान एका ठिकाणी, एका दिवशी काढलेला असतो. चित्राला ना तारीख, ना गाव. त्यातल्या मुलीला जाऊन विचारता येत नाही की बाई गं, हे खरं का?

सगळ्यात लाडका बाण म्हणजे छोट्या कर्जाचा. बाईला कर्ज मिळालं, तिने शिलाई मशीन घेतलं, मुलगी शाळेत गेली, नवरा सुधारला! हा बाण प्रत्यक्षात तपासून पाहिलेला आहे, आणि तोही आपल्याच देशात. हैदराबादच्या १०४ वस्त्या घेतल्या, त्यांतल्या निम्म्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून तिथे कर्ज देणाऱ्या संस्थेच्या शाखा आधी उघडल्या आणि मग दोन्हीकडच्या घरांची तुलना केली. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. निघालं काय? ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांनी तो थोडा वाढवला. पण घरात बाईच्या शब्दाला असलेली किंमत, मुलांचं शिक्षण, आरोग्य, यांत ठळक फरक सापडला नाही. कर्ज निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. बाणाने जे वचन दिलं होतं ते खरं ठरलं नाही, एवढाच अर्थ. पण शिलाई मशीनचं कार्टून आजही मजेत फिरतंय. त्याला कुणी सांगितलंच नाही बहुतेक!

आता थोडं जवळचं सांगते. काही वर्षांपूर्वी एका छोट्या संस्थेने त्यांच्या व्हिडिओचं मराठी निवेदन माझ्याकडे तपासायला दिलं. नाव सांगत नाही, माणसं मनापासून राबणारी आहेत. काम ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी. दिवाळीच्या आसपास आईबाप कोयता घेऊन कारखान्याच्या भागात जातात ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुलं बरोबर गेली की शाळा सुटलीच. त्यांनी मागे आजी-आजोबांकडे राहावं म्हणून ही संस्था संध्याकाळचं जेवण आणि अभ्यास बघते.

संस्थेच्या ताईंनी एक जाडजूड वही ठेवली होती. कोण राहिलं, कोण गेलं, का गेलं. त्यात पुन्हापुन्हा येणारी एक नोंद होती : 'धाकट्याला सांभाळायला फडावर बोलावून घेतली.' त्या सगळ्या मुलीच. चांगल्या जानेवारीपर्यंत शाळेत टिकलेल्या. मला ही वही म्हणजे सोनं वाटली. संस्थेला पुढे काय करायला हवं ते त्या एका ओळीत लिहिलेलं होतं.

व्हिडिओत काय होतं? ठिपक्याच्या डोळ्यांची मुलगी, बाण, दप्तर, आणि शेवटी ती मुलगी कलेक्टर होऊन लाल दिव्याच्या गाडीतून गावात येते. (लाल दिवे २०१७ सालीच बंद झाले, कार्टूनमध्ये अजून फिरतात.) आजी कुठेच नाही. जिच्या जिवावर ते पोर गावात राहतं ती आजी चित्रातच नाही! मी निवेदनात एकच वाक्य घातलं, की काही मुलींना धाकट्या भावंडांसाठी मध्येच जावं लागतं आणि त्यावर अजून उपाय सापडलेला नाही. स्टुडिओवाल्यांनी ते काढून टाकलं. "मॅडम, त्याने स्टोरी तुटते."

पुढच्या वर्षी संस्थेने फडाजवळ पाळणाघर चालवायला पैसे मागितले, त्या वहीच्या आधाराने. समोरून प्रश्न आला, "पण तुमच्या व्हिडिओत तर सगळ्या मुली शाळेत दिसतात?" पैसे मिळाले नाहीत. माझ्या रागाचं मूळ इथे आहे, आत्या. व्हिडिओ देखणा होता. त्याने प्रश्न सुटल्याचं जाहीर करून टाकलं, आणि फडावर गेलेल्या मुली हिशेबातूनच गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, अगं पण जाडे अहवाल वाचतं कोण? लोकांना गोष्ट लागते. अगदी मान्य. स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक या संशोधकांचा २००७ सालचा प्रयोग यासाठी नेहमी पुढे केला जातो. काही लोकांना मालीमधल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगितली, काहींना उपासमारीचे आकडे. रोकियाला मिळालेली मदत आकड्यांच्या दुपटीहून जास्त होती. गोष्ट आणि आकडे एकत्र दिले तर मदत पुन्हा खाली आली. स्टुडिओवाले यातून शिकतात, आकडे काढा. मी यातून शिकते, की हात खिशाकडे जाणं आणि डोक्यात काही शिरणं या निरनिराळ्या गोष्टी आहेत. वर्गणी मागताना गोष्ट सांगा, जरूर सांगा. पण वर्गणीचं काय केलं हे सांगायची वेळ आली की तीच गोष्ट परत सांगणं म्हणजे किराण्याच्या बिलाऐवजी दुकानाचा फोटो देणं.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. खरे चेहरे दाखवले तर त्या माणसांची अब्रू, सुरक्षितता? अत्याचार सोसलेली मुलगी, एचआयव्ही असलेला माणूस. इथे चित्रच हवं, मी शंभर टक्के सहमत. पण मग चेहरा चित्राचा आणि शब्द तिचे, असं करा ना! तिने जे सांगितलं ते, तिच्या बोलीत, तक्रारीसकट. चेहरा झाकण्यासाठी घेतलेल्या चित्राने तोंडही बंद करायचं, हे कुठलं रक्षण?

तिसरं, "चित्र अडाण्यालाही कळतं." हेही तितकंसं खरं नाही. १९७६ साली नेपाळमध्ये युनिसेफच्या मदतीने खेड्यातल्या लोकांना चित्रं दाखवून पाहिलं होतं. ओळीने मांडलेली चित्रं डावीकडून उजवीकडे, एकातून दुसरं असं 'वाचायची' असतात हे अनेकांना वाटलंच नाही. का वाटावं? तीही एक शिकावी लागणारी लिपीच आहे. तेव्हा आपले बाण हे शहरातल्या शिकलेल्यांनी शहरातल्या शिकलेल्यांसाठी काढलेले असतात, हे तरी कबूल करू या.

मग करायचं काय? गडचिरोलीकडे बघा. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला गावातल्याच बायकांना शिकवलं. ३९ गावांत काम केलं आणि तुलनेसाठी ४७ गावं ठेवली. दोन्हीकडचे जन्म-मृत्यू मोजले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला, नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी. ती ४७ गावं नसती तर ६२ हा आकडा म्हणजे नुसता बाण झाला असता. आणि गंमत म्हणजे याच संस्थेकडे ॲनिमेशनला साजेशी सुंदर गोष्ट आहे. अक्षरओळख नसलेल्या सुईणींना बाळाचा न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून त्यांनी श्वास मोजायचं एक साधन केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. हे चित्रात दाखवा! वाळू पडते, छाती वरखाली होते, मणी सरकतो. काम कसं चालतं ते चित्र झकास सांगतं. काम झालं का, हे मात्र मोजूनच सांगावं लागतं.

पैसे देणाऱ्या कंपन्यांनाही दोन शब्द. २०१४ पासून कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना १ कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचं त्रयस्थाकडून मूल्यमापनही करून घ्यावं लागतं. त्याखालच्या कामांना ती सक्ती नाही, आणि बहुतेक छोट्या संस्था तिथेच आहेत. त्या रिकाम्या जागेत हा व्हिडिओ येऊन बसलाय. तुम्ही दोन मिनिटांचं कार्टून मागता म्हणून त्या बिचाऱ्या ताईंच्या कित्येक महिन्यांच्या मानधनाचे पैसे त्यावर जातात. त्याऐवजी वही मागा. दोन पानं पुरतील : किती जणांपासून सुरुवात केली, किती टिकले, किती सुटले, का सुटले. आणि व्हिडिओ हवाच असेल तर तो आधी त्या गावात, त्या आजीसमोर लावा. तिने मान हलवली तरच पुढे पाठवा.

तुम्हा लिहिणाऱ्या मंडळींपैकी कुणी अशा संस्थांसाठी शब्द लिहून देत असेल, आवाज देत असेल, तर एवढं करा : "यात काय जमलं नाही?" हा प्रश्न विचारल्याशिवाय काम हातात घेऊ नका. आणि आत्या, पुढचा व्हिडिओ ग्रुपवर टाकशील तेव्हा त्या संस्थेला एक फोन कर. "तुमची वही बघायला येऊ का?" म्हणून विचार. ज्यांनी खरंच काम केलंय ते तुला चहासुद्धा पाजतील.