हमीपत्राची शाई

चिक्कडपल्लीच्या मराठी गृहस्थाने पुण्याच्या कारखान्यात तयार झालेले शीतकपाट घ्यावे, सहा महिन्यांत ते बंद पडावे, आणि दुकानदाराने कारखानदाराकडे व कारखानदाराने दुकानदाराकडे बोट दाखवावे, हा अनुभव कोणाला नवा आहे काय? हमीपत्र छापताना कारखानदाराची लेखणी मोठी उदार असते. ते पाळण्याची वेळ आली की तिची शाई आटते! आणि आपण ‘नशीब आपले’ म्हणून स्वस्थ बसतो.

हे स्वस्थ बसणे आता अक्षम्य आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली. पुढे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला, आणि जुलै २०२० पासून त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. पूर्वी प्रतिपक्षाचा धंदा जेथे असे किंवा तक्रारीचे कारण जेथे घडे, तेथेच दाद मागावी लागे. आता ग्राहक जेथे राहतो वा पोटासाठी राबतो, तेथील जिल्हा आयोगाचे दारही त्याला मोकळे आहे. चिक्कडपल्लीकराला पुण्याचे हेलपाटे नकोत. हैदराबादेतच तक्रार गुदरता येते. निपाणीकराने कोल्हापुरात खरेदी केली, तरी बेळगावचा आयोग त्याचे गाऱ्हाणे ऐकू शकतो. राज्याची सीमा ही कारखानदाराची ढाल नव्हे!

मात्र हक्क जागत्याचा असतो. पावती व हमीपत्र जपून ठेवावे. दुकानदार आणि कारखानदार या दोघांनाही लेखी नोटीस द्यावी व तिची पोच सांभाळावी. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेवढ्याने भागले नाही, तर कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जावे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकिलाची सक्तीही नाही. दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, पैसे परत करणे, नुकसानभरपाई देणे, असे आदेश आयोग देऊ शकतो. तो आदेश धुडकावणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पाळण्याची शक्यताच नसलेली हमी देणे, हीही कायद्याच्या दृष्टीने अनुचित व्यापारी प्रथाच होय.

रक्कम लहान आहे म्हणून अन्याय लहान ठरत नाही. शेकडो घरांनी सोडून दिलेल्या लहान रकमांवरच बेपर्वा कारखानदार गबर होतो. वाचकहो, दिलेला शब्द पाळण्यास त्याला भाग पाडा!