तहान नसलेला दुष्काळ

एका कथास्पर्धेचा परीक्षक या नात्याने गेल्या उन्हाळ्यात मजकडे जी हस्तलिखिते आली, त्यांपैकी बरीचशी जलहीन झालेल्या भविष्यकालीन पृथ्वीवरील प्रेमकथांची होती; आणि ज्या जिंतूर तालुक्यात येलदरीचे धरण आहे, तेथीलच वाड्या-तांड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे ठाऊक असल्याने मी ती मोठ्या उत्सुकतेने उघडली. एका कथेत जगातील पाणी आटून सात वर्षे लोटली होती. नायिकेचे केस मात्र नुकतेच न्हाल्यासारखे वाऱ्यावर भुरभुरत होते!

या प्रकाराचे बियाणे परदेशी आहे, ही माझी तक्रार नव्हे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या ‘हंगर गेम्स’ या कादंबरीतील कॅटनिस धाकट्या बहिणीच्या जागी मृत्यूच्या खेळात उतरते, तिच्या शिकारीवर घरची चूल पेटते. अनुकरणात बहीण गेली, चूल गेली. उरले ते धनुष्य आणि दोन तरुणांमधील तिची ओढाताण. आमच्या हस्तलिखितांतील नायकाला ना सातबारा, ना सावकार, ना अंथरुणाला खिळलेला बाप. तो ‘धाडसी’ आणि ती ‘हळवी’ एवढीच त्यांची नोंद, जणू तलाठ्याने शिवारात पाऊल न टाकता चावडीत बसून आणेवारी लिहून टाकावी! ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काहीच नाही, त्याच्या जिवावर बेतले तरी वाचकाच्या काळजाचा ठोका कशाने चुकावा?

वस्तुतः संकटाच्या सावलीतले प्रेम मराठीला अपरिचित नाही. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (1939) जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हॅर्टा आणि चक्रधर यांना एका बोटीवरचे मोजके दिवस मिळतात, मुंबई आली की तो उतरणार आणि तिला पुढे जावे लागणार, हे ठरलेले असल्याने त्यांच्या साध्या गप्पांनाही धार येते. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मध्ये तर प्रलयाचीही गरज पडत नाही, कोरडवाहू शेतीच एकनाथ आणि अलका यांच्या संसाराला पुरून उरते.

करमणुकीच्या वाङ्मयाकडून इतकी अपेक्षा कशाला, असे कोणी म्हणेल. पण करमणुकीलाही वाचकाचा जीव थोडा टांगणीला लागावाच लागतो, आणि संकट कितीही विश्वव्यापी केले तरी ते माणसाच्या ताटात, घागरीत उतरल्यावाचून तो लागत नाही.

1972 च्या दुष्काळात जिंतूरकडे खडी फोडायला गेलेल्या एका आजींनी मला एकदा त्या कामाची हकीकत सांगितली होती. मस्टरवर दोघांची नावे होती. घरी मिलोची भाकरी, कामावर सुकडी. नवरा आपल्या वाट्याची सुकडी रोज लपवून आणून देई आणि ‘माझं झालं’ म्हणे. मी विचारले, तुम्हांला ते खरे वाटायचे? आजी जात्याच्या खुंट्याकडे पाहत म्हणाल्या, “त्यायनं खाल्लेली नसायची, मला ठावं व्हतं. पर पोटात लेकरू व्हतं. म्हून म्या गुमान खायचे.”