झूम किती ते नंतर, उजेड किती ते आधी

रोलचा कॅमेरा पुन्हा आला आहे, बरं का! मोबाइल हातात आल्यावर जो आपण पोटमाळ्यावर टाकून दिला, तोच आता आपल्या मुली हौसेनं खाली काढतायत. घरात नसेल तर पहिल्या पगारातून जुना विकत घेतात. त्यात छत्तीसचा रोल भरायचा, जपून जपून फोटो काढायचे आणि धुऊन येईपर्यंत आठवडाभर वाट बघायची. 'मोबाइल असताना हा कसला नसता उद्योग?' असं घरोघरी विचारलं जातं. मला मात्र हे वेड आवडतं. मोबाइलमधले हजारो फोटो कोणी पुन्हा उघडून बघत नाही. कागदावरचा फोटो कपाटात राहतो, पाहुणे आले की बाहेर येतो आणि त्याची निगेटिव्ह जपली तर वीस वर्षांनीही नवी प्रत काढता येते.

माझी तक्रार वेगळीच आहे. या मुली दुकानात किंवा विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारतात तो असा : 'झूम किती आहे?' जितका आकडा मोठा तितका कॅमेरा भारी, अशी समजूत. विकणाराही तेच सांगतो, कारण आकडा कॅमेऱ्याच्या तोंडावरच छापलेला असतो. पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातली ही गत होऊ शकते.

थोडा इतिहास बघू. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याला मोटारीवर पुढेमागे होणारी झूम लेन्स पहिल्यांदा बसवली ती जपानच्या पेंटॅक्स कंपनीनं, १९८६ साली. त्या कॅमेऱ्याचं नावच झूम-७०. त्याची लेन्स ३५ ते ७० मिलिमीटरची. म्हणजे लांबची वस्तू दुप्पट मोठी दिसणार, एवढंच. पण लोकांना ते फार आवडलं आणि मग कंपन्यांची चढाओढ लागली. ७० चे ९० झाले, १०५ झाले, मग १४०, १६०. आपल्याकडे त्या काळात बहुतेक घरांत कोडॅकचा केबी-१० सारखा साधा कॅमेरा असायचा, त्याला झूम वगैरे काही नव्हतं. झूमचा कॅमेरा कोणाचे नातेवाईक परदेशातून आले तर दिसायचा आणि तो कोणी हातात घेऊ द्यायचं नाही. त्यामुळे झूमचं अप्रूप आपल्या मनात अजून शिल्लक आहे.

आता या आकड्यात मेख कुठे आहे ते सांगते. लेन्सवर झूमच्या आकड्याशेजारी आणखी एक बारीक आकडा असतो. त्याच्याकडे कोणी बघत नाही. तो एफचा आकडा. लेन्सची खिडकी किती उघडते, म्हणजे आत उजेड किती येतो, ते तो सांगतो. हे गणित शिवणाच्या दोऱ्यासारखं उलटं आहे. दोऱ्याचा नंबर वाढला की दोरा बारीक होतो, तसा एफचा आकडा वाढला की खिडकी लहान होते. ऑलिंपसचे दोन नावाजलेले कॅमेरे घ्या. १९९७ चा म्यू-२ हा झूम नसलेला. त्याची लेन्स ३५ मिलिमीटरची आणि एफ २.८ ची. त्याच घराण्यातला म्यू झूम १४०. त्याची लेन्स ३८ ते १४० ची. झूम आत असताना ती एफ ४ आणि पूर्ण बाहेर काढली की एफ ११. म्हणजे झूम पूर्ण ताणल्यावर पहिल्या कॅमेऱ्याच्या मानानं सोळावा हिस्साच उजेड आत येतो. रुपयातला एक आणाच म्हणा ना!

भर दुपारी, उघड्या मैदानात हा एक आणाही पुरतो. पण मैत्रिणींनो, आपले फोटो भर दुपारी मैदानात काढले जातात का? आपलं हळदीकुंकू संध्याकाळी असतं. डोहाळजेवण, बारसं माजघरात होतं. मंगळागौर रात्रभर जागते. लग्नात मांडवाखाली सावली असते आणि वाड्यातल्या स्वयंपाकघरात तर दिवसाही दिवा लावावा लागतो. बाईचं आयुष्य ज्या जागांत जातं, तिथं उजेड आधीच कमी आहे. अशा ठिकाणी लांब झूम ताणला की फोटो काळा तरी येतो किंवा हललेला तरी. कारण उजेड कमी पडला की कॅमेरा झडप जास्त वेळ उघडी ठेवतो, आणि झूम जितका लांब तितकी हाताची थरथर जास्त दिसते.

'मग फ्लॅश कशाला आहे?' असं कोणी म्हणेल. फ्लॅशचंही तेच. झूम आत असताना जो फ्लॅश बारा फुटांवर पोचतो, तोच एफ ११ ला जेमतेम साडेचार फुटांवर पोचतो. म्हणजे लांबचं जवळ आणायला झूम घ्यायचा आणि फ्लॅशसाठी पुन्हा जवळ जाऊन उभं राहायचं! याला काय म्हणावं?

झूम वाईट असं मला म्हणायचं नाही. त्याचा एक खरा उपयोग आहे. ३५ च्या लेन्सनं अगदी जवळून चेहरा काढला तर नाक मोठं आणि कान लहान दिसतात. तोच चेहरा चार पावलं मागं सरकून ७० वर काढला तर माणूस आहे तसा दिसतो. आजीचा नीट फोटो हवा असेल तर एवढा झूम पुरेसा आहे. म्हणून माझं मत असं, की घ्यायचाच असेल तर ३५ ते ७० च्या आसपासचा लहान झूम घ्या. दोन कॅमेऱ्यांत निवड करायची वेळ आली तर ज्याचा एफचा आकडा लहान, तो उचला. त्यात ४०० चा रोल घाला. १०० च्या रोलपेक्षा त्यावर फ्लॅश दुप्पट लांब पोचतो. आणि बाकीचा झूम आपल्या पायांनी करा. चार पावलं पुढं जायला पैसे पडत नाहीत.

पैशांचा विषय निघालाच आहे, तर तेही बोलू. आज रोल, धुलाई आणि स्कॅन धरून छत्तीस फोटोंचा खर्च दीड हजाराच्या आसपास सहज जातो. म्हणजे एक फोटो चाळीसेक रुपयांना! त्यात हे झूमवाले कॅमेरे जवळपास सगळे वीस-तीस वर्षांचे जुने. २०२४ मध्ये पेंटॅक्सनं रोलचा नवा कॅमेरा आणला खरा, छत्तीसच्या रोलवर बहात्तर अर्धे फोटो काढणारा, पण त्यालाही झूम दिलेला नाही. झूमच्या जुन्या कॅमेऱ्यात मोटर, दाते, नाजूक पट्ट्या असा पसारा असतो. तो बिघडला की सुटे भाग मिळणं अवघड. म्हणून 'चालू आहे ताई, सेल नाही म्हणून दाखवता येत नाही' असं विकणारा म्हणाला तर तिथूनच नमस्कार करावा. सेल आपण घेऊन जावा. बहुतेकांना तीन व्होल्टचा लिथियमचा सेल लागतो, सीआर १२३ ए किंवा सीआर २ नावाचा.

भाजी घेताना आपण भेंडीचं टोक मोडून बघतो, मग हजारोंची वस्तू तशीच का घ्यायची? सेलचं झाकण उघडून आत हिरवट गंज आहे का बघा. झूम दोन-चारदा आतबाहेर करा, अडखळत असेल तर नको. फ्लॅश उडतो का बघा. मागचं झाकण उघडून कडेचा काळा स्पंज चिकट झाला आहे का ते बोटानं तपासा, कारण तिथून उजेड शिरला की रोलवर लाल-पिवळे पट्टे येतात. लेन्सवर तिरका टॉर्च मारा. कोकणासारख्या दमट हवेत पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते. शक्य असेल तर वाया गेलेला एखादा रोल घालून तो पुढं सरकतो का आणि शेवटी परत गुंडाळला जातो का, तेही बघा. आणि कॅमेरा घरी स्क्रू काढून उघडू नका. सेल काढला तरी फ्लॅशच्या भागात जोराचा झटका बसेल एवढी वीज साठलेली असू शकते.

रोल भरताना त्याची जीभ खुणेपर्यंत ओढा आणि झाकण लावल्यावर आकडा एकवर आला याची खात्री करा. नाहीतर रोल पकडलाच जात नाही आणि अख्खं बारसं कोरं निघतं. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात शिल्लक रोल हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा आणि वापरायच्या आधी तास-दोन तास बाहेर काढून ठेवावा. लॅबमधून निगेटिव्ह मागून घ्यायला विसरू नका. नुसते स्कॅन मोबाइलवर आले म्हणजे काम झालं असं नाही.

आता हे सगळं मी एवढं तावातावानं का सांगते आहे? बचत गटाच्या कामामुळे माझं खेड्यापाड्यांतल्या घरांत जाणं होतं. भिंतीवर हार घातलेले फोटो दिसतात. पुरुषाचा फोटो बहुधा स्टुडिओत काढलेला, नाहीतर सत्कारातला. बाईचा फोटो पुष्कळदा कुठल्यातरी लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला. कडेला दुसऱ्याच कोणाचा तरी खांदा दिसतो, चेहरा धूसर. जन्मभर ज्या चुलीपुढं ती बसली, तिथं कॅमेरा कधी गेलाच नाही. 'तिथं अंधार आहे, फोटो येणार नाही, रोल वाया जाईल,' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. आणि कॅमेराही बायकांच्या हाती क्वचितच दिला गेला.

आज तो मुलींच्या हातात आहे, त्यांच्या स्वतःच्या पैशांनी घेतलेला. म्हणून तो कशासाठी घ्यायचा हे त्यांनीच ठरवावं. मांडवाच्या शेवटच्या रांगेतून स्टेजवरच्या नवरदेवाला जवळ ओढण्यासाठी की मागच्या अंगणात पुऱ्या लाटणाऱ्या काकूंच्या समोर जाऊन बसण्यासाठी? पहिल्या कामाला लांब झूम लागेल. दुसऱ्याला उजेड घेणारी लेन्स, ४०० चा रोल आणि 'काकू, जरा वर बघा' म्हणण्याइतकी जवळीक पुरते.

तेव्हा मुलींनो, कॅमेरा जरूर घ्या. छत्तीसातले निदान दहा फोटो घरातल्या बायकांचे काढा, त्या काम करत असताना काढा. आणि फोटो छापून आला की मागं पेन्सिलीनं त्यांचं नाव आणि साल लिहून ठेवा. नुसतं 'आई' किंवा 'आजी' नको, तिचं पूर्ण नाव लिहा.