राज्यमासा म्हणायचं आणि पिल्लं तळून खायची

रविवारी सकाळी स्टेशनजवळच्या बाजारात गेलो होतो. सुरमईला हात लावायची सोय नाही, भाव विचारूनच पोट भरतं. शेजारी एका मावशीने पापलेटचे वाटे लावले होते. एका वाट्यात आठ. तळहाताएवढीसुद्धा नाहीत, बिस्किटासारखी चपटी. आठ पापलेट त्या पैशात म्हणजे स्वस्तच की, म्हणून पिशवी पुढे केली. तेवढ्यात मागच्या एका आजोबांनी विचारलं, "ही पोरं कशाला काढता गं?" मावशी म्हणाली, "बाबा, तुम्ही घेता म्हणून येतात. उद्या नका घेऊ, मी नाही आणणार."

मी पिशवी मागे घेतली, पण शहाणपणाने नाही, लाजेने. कारण असले वाटे मी वर्षानुवर्षं घेत आलोय. म्हणून ही पोस्ट आधी माझ्यासाठीच आहे, हे सुरुवातीलाच सांगतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर केला. शेकरू, हरियाल, जारूळ, आंबा यांच्या रांगेत आता आपला पापलेट. त्यासाठी सातपाटीच्या मच्छीमारांनी पाठपुरावा केला होता. मिरवायला मान मिळावा एवढाच त्यांचा हेतू नव्हता. जाळ्यात पापलेट कमी होत चाललाय, त्याला वाचवा, ही त्यामागची हाक होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर, म्हणजे साधारण सव्वापाच इंच. त्याहून लहान पकडायचा नाही.

आता तुमचा मोबाइल हातात घ्या. बहुतेकांचा मोबाइल सहा इंचांच्या आसपास असतो. बाजारातला पापलेट त्याच्याशेजारी धरा, तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत. मोबाइलपेक्षा बोटभराहून जास्त आखूड भरला, तर समजा की तो पकडायलाच नको होता. त्यासाठी शास्त्रज्ञ लागत नाही. आणि शास्त्रज्ञ लागलाच तर तोही लांब नाही. माशांवर संशोधन करणाऱ्या केंद्रीय संस्था इथे वर्सोव्यातच आहेत, आपल्यापासून एका रिक्षाच्या भाड्यावर. म्हणजे माहिती शेजारी, नियम कागदावर आणि पिल्लं आपल्या तव्यावर.

लगेच कुणी म्हणेल, गरिबाने मग खायचं काय? मोठा पापलेट परवडतो का? प्रश्न रास्त आहे. पण लहान मासा आणि माशाचं पिल्लू यात फरक आहे. मांदेली कितीही मोठी झाली तरी मांदेलीच राहते, ती जन्मजातच बोटाएवढी. जवळा तसाच. ते खा, पोटभर खा, आमच्या घरी आठवड्यातून दोनदा असतं. पापलेटचं पिल्लू मात्र वाढायचं असतं. आज वाट्यात वीस-तीस ग्रॅमचं जे आहे, ते वाढू दिलं तर पाव किलो, अर्धा किलो होतं आणि अंडी घालून आणखी मागे ठेवतं. म्हणजे स्वस्तात मिळालं असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात उद्याचा मासा आज कवडीमोलाने खाल्लेला असतो. आणि पुढच्या वर्षी भाव वाढला की बोंबलायलाही आपणच पुढे.

दुसरं कुणी म्हणेल, सगळा दोष गिऱ्हाइकाच्या माथी का? हेही खरं आहे. डोल जाळं बोंबील, जवळा यासाठी लावतात, भरतीच्या ओढीने त्यात जे येईल ते शिरतं. जाळं वर ओढेपर्यंत पिल्लू मेलेलं असतं, मग ते पाण्यात परत टाकून काय उपयोग? म्हणून खरा इलाज बंदरावर आणि जाळ्यात आहे. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीचा आस ४० मिलिमीटर चौकोनी असला तर पिल्लांना निसटायला वाट मिळते, असं तज्ज्ञ कधीपासून सांगतायत. एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली, पर्ससीनवर राज्याचे निर्बंध २०१६ पासून आहेत. कागद कमी नाहीत, अंमल कमी आहे. आणि अंमल करायचा तर मोठ्या बोटींवर करा. फुटपाथवर बसलेल्या मावशीची पाटी उचलून फोटो काढणं म्हणजे कारवाई नव्हे. लिलावात जे येतं तेच ती आणते.

तिसरा भागीदार म्हणजे हॉटेलं. थाळीत अख्खा पापलेट दिसला पाहिजे आणि थाळीचा दरही आवाक्यात राहिला पाहिजे, हे गणित जमवायला मासाच छोटा करतात. ताटात बसेल एवढा. आपण फोटो काढतो, टाकतो, लाइक मिळवतो. त्यापेक्षा मोठ्या पापलेटची एक तुकडी द्या, चालेल, असं आपण सांगून तरी बघू. लोक हलव्याची तुकडी खातात ना?

"समुद्र कुठे आटतोय?" असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक गोष्ट. चीनच्या यांगत्से नदीत पॅडलफिश नावाचा मासा होता, वल्ह्यासारखं लांब नाक, सात मीटरपर्यंत वाढायचा असं सांगतात. लोक पिढ्यान्‌पिढ्या तो पकडून खात होते. वारेमाप मासेमारी झाली, त्यात १९८१ मध्ये नदीवर धरण होऊन अंडी घालायला वर जाण्याची वाट बंद झाली. २००३ मध्ये तो शेवटचा दिसला. २०२२ मध्ये जगाच्या यादीत नामशेष म्हणून नोंद झाली. अमेरिकेत त्याचा चुलतभाऊ अजून आहे आणि लोक तो अजूनही पकडतात, खातात. पण तिथे काही राज्यांत एका माणसाने वर्षाला किती न्यायचे ते ठरलेलं आहे आणि पिल्लं वाढवून नदीत सोडतात. खाणं बंद झालं नाही, मोजून खाणं सुरू झालं. मासे खाऊ नका असं मी म्हणतच नाहीये. पुढेही खायला मिळावेत म्हणून बोलतोय.

आपल्याकडे हे शहाणपण नवं नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच दर्यात जायचं, हे कोळीवाड्यांना सरकारने शिकवलं नाही. आजची यांत्रिक बोटींवरची १ जून ते ३१ जुलै बंदी त्याच समजुतीवर उभी आहे. गंमत म्हणजे नेमकी गटारी जवळ आली की आपल्याला ताजा पापलेट आठवतो.

मागण्या दोनच आहेत. पालिकेने प्रत्येक मासळी बाजारात किमान लांबीचा फलक लावावा, मराठीत, माशाच्या चित्रासह आणि खऱ्या मापाचा, म्हणजे मासा त्यावर ठेवून बघता येईल. आणि मत्स्यव्यवसाय विभागाने तपासणी बंदरावर, लिलावाच्या वेळी करावी. आपल्या नगरसेवकांना, आमदारांना गटार आणि पाण्याबरोबर हेही विचारा.

आणि आपल्याकडून एक. पिल्लांचा वाटा घ्यायचा नाही. मावशीशी भांडायचं नाही, फक्त सांगायचं, "मोठा असेल तेव्हा घेईन, आज मांदेली दे." मी त्या रविवारी तेच केलं. मांदेली कुरकुरीत झाली होती. घरी कुणी पापलेटचं नावही काढलं नाही.

पटलं तर पुढे पाठवा. नसेल पटलं तर खाली भांडा, पण आधी मोबाइल लावून मासा मोजून या.