‘कल्चर फिट’ म्हणजे नेमकं कोणाचं कल्चर?

कॉलेजात आयटी कंपनी येते. अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट होते, कोडिंग होतं, टेक्निकल मुलाखत होते. आपली कितीतरी पोरं हे सगळं पार करतात आणि शेवटच्या एचआर राऊंडला गळतात. कारण विचारा, उत्तर ठरलेलं : ‘सॉफ्ट स्किल्स कमी पडले’, ‘कल्चर फिट नाही’.

मित्रांनो, प्रोग्राम चालला की नाही हे मशीन सांगतं. मशीन आडनाव वाचत नाही. एचआर राऊंडमध्ये मात्र माणूस मार्क देतो. वडील काय करतात, कुठे राहता, छंद काय? या प्रश्नांचा सॉफ्टवेअरशी काय संबंध? संबंध आहे तो जातीशी आणि वर्गाशी. थेट जात विचारायची सोय नाही, म्हणून ती अशी आडून विचारली जाते.

ही नुसती शंका नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. 2007 साली निष्कर्ष छापून आला : बोलावणं येण्याच्या शक्यतेचं प्रमाण सवर्ण आडनावाला 1 धरलं, तर दलित आडनावाला 0.67. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी एचआर व्यवस्थापकांना बोलतं केलं. तोंडाने ‘मेरिट’ म्हणणारे हे लोक उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ महत्त्वाची मानत होते.

आणि इंग्रजी सुधारलं की प्रश्न सुटेल, असं सांगणाऱ्यांनी 1917 चं बडोदा आठवावं. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांचं इंग्रजी कमी होतं का? तरी शिपाई लांबूनच फायली टाकत होते आणि शहरात राहायला जागा मिळत नव्हती. कमतरता बाबासाहेबांत नव्हती, बघणाऱ्याच्या डोळ्यात होती.

म्हणजे सॉफ्ट स्किल्स थोतांड आहेत का? नाही. डेव्हलपर एकटा काम करत नाही. काम वेळेत होणार नसेल तर आधी सांगणं, न समजलेलं विचारणं, सहकाऱ्याने कोडमध्ये दाखवलेली चूक राग न धरता दुरुस्त करणं, आपलं काम दुसऱ्याला समजेल असं लिहून ठेवणं ही खरी कौशल्यं आहेत. ती मोजता येतात. बिघडलेला कोड द्या, सोबत एक माणूस बसवा आणि दोघं मिळून तो कसा सोडवतात ते बघा. त्यासाठी ना कॉन्व्हेंटचा उच्चार लागतो, ना वडिलांचा हुद्दा.

खासगी कंपन्यांना कलम 16(4) चं आरक्षण लागू नाही. त्यामुळे तिथे कोण आत जाणार हे या एका खोलीत ठरतं. म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न. कोणत्या गुणाला किती मार्क, हे आधी लेखी. नकाराचं कारण लेखी. घर-कुटुंबाचे प्रश्न बंद. आणि कोणत्या फेरीत कोणत्या प्रवर्गाचे किती विद्यार्थी गळाले, ते जाहीर करा.

सुरुवात आपणच करू शकतो. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांच्या प्लेसमेंट सेलकडे 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली फेरीनिहाय याद्या मागा. विहारात, अभ्यासिकेत सराव मुलाखती घ्या. आधी नोकरीला लागलेल्यांनी रविवार द्यावा. तयारी करायचीच आहे, पण न्यूनगंड घेऊन नाही. पोरांना ‘बोलायला शिका’ म्हणणाऱ्या कंपन्यांनी आधी न्यायाने ऐकायला शिकावं.

जय भीम!